जीपमधली जागा

बकरीच्या डोक्याला चिकटवलेल्या आठ तारा. गवतावरून ओढलेला पांढरा कपडा. एकशे चार ताप.

गोचिडाच्या तापाने मेंदूचं काय होतं, हे शोधणाऱ्या साहेबांसाठी पारीने गडबच्या रानात चार दिवस तो कपडा ओढून गोचीड जमवले, अनवाणी. पाचव्या दिवशी ती तापात बरळू लागली.

"सायेब, हिला बगा ना," नवरा केरू म्हणाला.

"आमचा अभ्यास जनावरांचा."

"मग बकरी म्हनून लिवा हिला. पन जीपमदी घाला, पेणच्या दवाखान्यात सोडा."

"जागा कुठे आहे? बकरीला आडवं न्यावं लागतं. तारा हलतात."

"तारा मी धरतो."

"हात बघ आधी तुझे, किती मळलेत."

जीप गेली.

बकरी आजारी नव्हती. तुलनेसाठी म्हणून ती आदल्या आठवड्यात मुद्दाम निरोगी बघून घेतली होती.