आतल्या खोलीतला फोन

केळझरच्या गणपतीला निघताना आईनं दारातूनच काहीतरी सांगितलं. धीरजनं स्क्रीनवरची नजर न हलवता "हो, हो" म्हटलं. त्याला आपल्या जुन्या खटारा कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी सिस्टिम चढवायची होती, तीही फोनच्या लाइनवरून, इंटरनेटवरून उतरवत. अर्ध्यावर आलं की कनेक्शन तुटायचं. त्यानं मोडेम बदलून पाहिला, केबल बदलली, लाइनमनच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मग टेबलावरच्या फोननं बारीक 'टिंग' केलं आणि त्याला कळलं. लकव्यानं वाचा गेलेले बाबा आतल्या खोलीत उशाशी ठेवलेला, त्याच लाइनवरचा पॅरलल फोन उचलत होते. ज्याला बोलताच येत नाही त्याला फोन कशाला हवा! धीरजनं बाहेरूनच त्या फोनची वायर उपटली. इन्स्टॉलेशन बिनबोभाट पार पडलं.

संध्याकाळी आई परतली तेव्हा धीरजची स्वारी भलतीच खुशीत होती.

"आई, बाबा घडी घडी फोन उचलून राह्यले होते. शेवटी त्याईची वायरच काढून टाकली."

आई चपला न काढताच आतल्या खोलीकडे धावली.

 

"अरे, सांगून गेलती ना तुले! छातीत दुखलं त बाबा फोन उचलतीन, टिंग वाजलं का धावत जाजो म्हून!"