जागच्या जागी चढ

“चला, चढ आलाय! लोड वाढवा!” कानाला लावलेल्या माइकमध्ये ती ओरडली, आपल्या व्यायामाच्या सायकलच्या हँडलखालच्या लाल नॉबकडे हात नेला आणि मनगटाला एक झोकदार हिसका दिला. समोर बसलेल्या सगळ्यांनी आपापले नॉब फिरवले. त्यांची चाकं जड झाली, पाठी वाकल्या. तिचं चाक मात्र होतं तसंच भिरभिरत राहिलं, कारण तिचा हात नॉबला लागलाच नव्हता.

दिवसभर एकामागून एक वर्ग घ्यायचे, तर प्रत्येक वेळी खरा चढ कोण चढणार? आधी ती पाय दुखत असले की तेवढ्यापुरतं नॉब फिरवल्याचं सोंग करायची, मग तेच अंगवळणी पडलं. गाणी ठरलेली, वाक्यं तोंडपाठ. “तुमच्यात अजून ताकद आहे!” असं ओरडताना तिच्या डोक्यात वाळत घातलेले कपडे असायचे. कामातून मन उडालं होतं आणि याचं तिला फार वाईट वाटायचं. तिने जिमच्या मालकीणबाईंना नोकरी सोडते म्हणून सांगून टाकलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “आजचा वर्ग घ्या आणि मग काय ते पक्कं सांगा. मी दुसरी बघून ठेवलीय.” घरी यातलं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि नेमक्या आजच सासूबाई वर्गाला आल्या होत्या. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं होतं. खोलीत आल्या आल्या त्यांनी त्या जमिनीला खिळलेल्या सायकलींकडे एकदा नीट बघून घेतलं. “एवढे पाय मारायचे आणि पोचायचं कुठेच नाही? म्हणजे घरकामासारखंच की गं हे.” गुडघ्याकडे लक्ष राहावं म्हणून तिने त्यांना पहिल्या रांगेत, आपल्या चौथऱ्याच्या अगदी समोर बसवलं.

दुसरा चढ आला. सासूबाईंच्या शेजारचा बँकेतला साहेब घामाने निथळत होता. सासूबाई मजेत होत्या. कपाळावर घामाचा टिपूस नाही आणि पाय शिवणयंत्रावर चालावेत तसे चाललेले. यांना काही कळलेलं दिसत नाही, असं वाटून ती पुढे वाकली आणि माइक बाजूला केला.

“आई, नॉब फिरवा ना. अगदी थोडासाच.”

“फिरवला की.”

“कुठे फिरवलात?”

“हा काय!” सासूबाईंनी हात नॉबजवळ नेला, हवेतच मनगटाला झोकदार हिसका दिला आणि हात परत हँडलवर ठेवला. “तू करतेस तसाच. या गोंगाटात मला मेलं काही ऐकू येत नाही. मी आपली तुझ्याकडे बघून बघून करतेय.”

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. असती तर तिला बरं वाटलं असतं. आपलं सगळं बरोबर चाललंय अशा समाधानात त्या पाय मारत होत्या. तिचे कान तापले. साहेबाने ऐकलं की काय म्हणून तिने चोरून पाहिलं, पण तो बिचारा आपल्या चढात बुडालेला होता.

शेवटचं गाणं लागलं. “लोड वाढवा!” ती म्हणाली आणि या वेळी तिने नॉब मुठीत धरला. फिरवला. मग आणखी एकदा फिरवला.

मांड्यांनी तिथल्या तिथे तक्रार केली. चाक चिखलात रुतल्यासारखं झालं. “तुमच्यात अजून…” एवढं म्हणून ती अडकली, पुढच्या शब्दाला श्वासच पुरेना. आता माइकमधून खोलीभर नुसती तिची धाप ऐकू येऊ लागली. तिला लाज वाटली. माइक बंद करावा म्हटलं तर हात हँडलवरून सुटेना.

वर्गाने माना वर केल्या. एरवी या गाण्याला सगळ्यांचे डोळे घड्याळावर असायचे. आज सगळे तिच्याकडे बघत होते. साहेबाने तिच्याकडे पाहिलं आणि कोणी न सांगता आपला नॉब आणखी फिरवला. मागच्या रांगेत दोघी जावा होत्या, वर्गभर कुजबुजणाऱ्या. त्याही गप्प होऊन पेडलवर उभ्या राहिल्या.

“थोडं… अजून…” तिला एवढंच म्हणता आलं. डोळ्यांत घाम उतरला, पोटऱ्या पेटल्या, आणि तिला आनंद होत होता. अगदी पहिल्या वर्गाला झाला होता तसा. इतके दिवस आपणच याला टाळत आलो, असं तिच्या मनात आलं.

समोर सासूबाईंनी नॉब चिमटीत धरला, तिच्याकडे बघत हळूच फिरवला. “अगं बाई!” त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की गाण्यातूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

गाणं संपलं. ती कशीबशी उतरली आणि चौथऱ्याच्या कडेवरच बसली. एवढ्यात दार ढकलून मालकीणबाई आत आल्या.

“मग काय ठरलं? उद्याचा वर्ग तुम्ही घेताय, की तिला बोलावू?”

ती अजून धापाच टाकत होती. थांबा म्हणून तिने नुसताच हात वर केला.

सासूबाई गुडघा धरत आल्या, तिच्याशेजारी टेकल्या आणि आपला नॅपकिन तिच्या हातात दिला.

“अहो, जरा दम घेऊ द्या तिला,” त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. “केवढा चढ चढून आलीय. आणि उद्याही मला हीच पुढची सायकल ठेवा बरं का. हिच्याकडे बघूनच जमतं मला.”