दोन लिटरचा संडास

एवारिस्तोने बादली पाठीमागे लपवली आणि संडासाच्या दाराशी असा उभा राहिला, जणू तो तिथे रोजच हवा खायला येतो.

"पापा, सरका ना. इंजिनिअर बाईंना आत जायचंय."

"आधी मी जाऊन येतो."

"आत्ताच तर जाऊन आलात!"

"वय झालं गं पोरी."

सितलालीने त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. बादली हिंदकळली आणि साबणाचं पाणी त्याच्या बुटात शिरलं. एवारिस्तो कसनुसा हसला.

आज परीक्षेचा दिवस होता. पॉलिटेक्निकच्या सुबिएता बाई स्वतः इस्तापालापा वस्तीची चढण चढून आल्या होत्या. त्यांच्या स्पर्धेत सितलालीचा संडास पास झाला, की सुट्टीत तिला तिथल्या वर्कशॉपमध्ये जागा. त्या जागेसाठी पोरीने जुना, घटाघटा पाणी पिणारा कमोड उखडून स्वतः जोडलेला बसवला होता. दोन लिटरमध्ये फ्लश! अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. आणि दोन लिटरमध्ये तिथून काहीसुद्धा हलत नाही, हे जगात एकट्या एवारिस्तोला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी त्याने दांडी ओढली होती. आत नुसतं गुळगुळ झालं आणि जे होतं ते आगाऊ पाहुण्यासारखं ऐसपैस बसून राहिलं. पोर शाळेतून येणार आणि पहिला प्रश्न विचारणार, "कसा चालतो?" काय सांगायचं? तो चोरपावलांनी अंगणात गेला. कपडे धुवायच्या दगडी हौदाशेजारी विसळलेल्या पाण्याची बादली आयती भरलेली होती. त्याने ती आणून ओतली. संध्याकाळी तो म्हणाला, "झक्कास!" आणि मग रोजच बादली आली.

हा तोच एवारिस्तो. लहानपणी वाहाकाच्या डोंगरात खांद्यावर पाणी वाहून वाहून त्याने शपथ घेतली होती, की शहरात गेलो तर बादलीला बोट लावणार नाही. सितलाली दोन वर्षं त्याच्या मागे लागली होती. विसळलेलं पाणी संडासात ओतूया, टँकरचं पाणी वाचेल. तो गरजला होता, "दांडी ओढायला आलोय मी शहरात! बादल्या ओतायच्या तर गाव काय वाईट होतं?" बायको, बहीण आणि सासरा, तिघांनी त्याची बाजू घेतली होती. त्या घरात चौघांचं एकमत झाल्याची ती पहिलीच वेळ.

गेल्या आठवड्यात टँकरवाल्याने गच्चीवरच्या टाकीत डोकावून वरूनच आरोळी ठोकली होती, "काय हो, घर सोडून गेला होतात का? अर्धी टाकी तशीच!" मग सगळ्यांनी सितलालीच्या संडासाचं कौतुक केलं. सगळ्यात मोठ्याने एवारिस्तोने.

सुबिएता बाईंनी पिशवीतून मक्याच्या ओल्या पिठाचा भलामोठा गोळा काढला.

"मका?" सासऱ्याने, डॉन फिदेन्सियोने, छातीवर क्रूस काढला. "देवाचं अन्न त्या भांड्यात?"

"परीक्षेला लागतं, आजोबा."

"मग तुम्हीच बसा, डॉन फिदेन्सियो!" एवारिस्तोची बहीण चाबेला म्हणाली.

गोळा पडला. बाईंनी दांडी ओढली. गुळगुळ. गोळ्याने एक गिरकी घेतली आणि होता तिथेच बसला.

एवारिस्तोला ते सहन झालं नाही. त्याने बादली पुढे आणली आणि सगळ्यांसमोर बदाबदा ओतली. गोळा गेला.

"बाई, पोरीचा दोष नाही. मी रोज मागून बादली ओततो. खरं सांगितलं असतं तर तिने केव्हाच दुरुस्त केला असता. तिची जागा नका हो काढून घेऊ."

"तुम्ही?" त्याची बायको ओफेलिया किंचाळली. "अहो, मी ओतते!"

"वहिनी, मग मी कोणासाठी कंबर मोडून घेतेय?" चाबेलाने निवडुंगाच्या कुंडीमागून निळी बादली ओढून काढली.

डॉन फिदेन्सियोने टोपी काढली. "मी दोन ओततो," तो पुटपुटला. "एकीने माझं भागत नाही."

सुबिएता बाई सितलालीकडे वळल्या.

"म्हणजे तुझा संडास चालत नाही."

"नाहीच चालत," सितलाली म्हणाली. तिच्या गालाला खळी पडली होती. "आणि चालणारही नव्हता."

"मग तू स्पर्धेत ठेवलंस तरी काय?"

सितलालीने त्या चौघांकडे हात केला. "हे. दोन वर्षं पाया पडले, एकानेही बादली उचलली नाही. मग असा संडास बनवला, की माझी लाज राखायला त्यांना ती उचलावीच लागेल. गच्चीवर जाऊन टाकी बघा, बाई."

सुबिएता बाई गच्चीवर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "घरच्यांना आणू नकोस, माझ्या वर्कशॉपचे नळ चालू आहेत."

एवारिस्तो ओल्या बुटात तसाच उभा होता. हातात रिकामी बादली होती.

"सगळं आधीपासून माहीत होतं तुला?"

"पापा," सितलाली म्हणाली, "चार जण रोज बादल्या रिकाम्या करत होतात. एकदाही कोणाला भरावी लागली नाही, तेव्हा तरी शंका यायची!"