उशाशी बसलेली बाई

१९९४ साली बेबीनंदा खरात बाळंतपणात दगावलेल्या बायांच्या घरी जाऊन माहिती घेत होती. कुठे उशीर झाला, कोण चुकलं, हे शोधायचं तिचं काम होतं.

अंबड तालुक्यातल्या पहिल्या तिन्ही घरांत एकच गोष्ट निघाली. शेवटच्या घटकेला एक अनोळखी बाई उशाशी बसून नुसतं लिहीत होती; तिचा चेहरा मात्र कुणाला आठवत नव्हता. ही कोण निर्दयी नर्स, म्हणून बेबीनंदा चिडली.

चौथं घर गोजरबाईंचं. त्यांची थोरली सून गेली होती. भर दुपारी ओसरीवर बसून बेबीनंदाने विचारलं, "तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

गोजरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्हीच व्हता की, बाई. ती पाणी मागून राह्यल्ती, अन् तुम्ही लिहून राह्यल्ता."

"मावशी, मी या गावात आज पहिल्यांदा आले!"

"न्हाई. हाच चष्मा व्हता. बराबर ध्यानात हाये."



तेवढ्यात आतून कुणीतरी कण्हलं. गोजरबाई धडपडत उठल्या, दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले.

"धाकटीला कळा सुरू झाल्यात. पाया पडते, बाई, आता तुम्ही जा."