नदीत सोडायचं चित्र

सावाच्या चार वर्षांच्या तोकिचीला देवी आल्या, तेव्हा गल्लीतले चित्रं छापणारे कांजिरो स्वतः चित्र घेऊन धावत आले. लाकडी ठशावरून नुसत्या लाल रंगात छापलेला शोकी नावाचा वीर, दाढी पिंजारलेली, हातात तलवार. देवीचा राक्षस याला बघून पळतो, असं जपानातलं अख्खं एदो शहर मानायचं.

"उशाशी लाव," सासूबाई म्हणाल्या. "आणि बाराव्या दिवशी पोराला अंघोळ घातलीस, की लगेच चित्र नदीत सोडून ये. पोर बरं झालं की हे घरात ठेवायचं नसतं."

सहाव्या दिवशी तोकिचीने डोळे किलकिले केले. "आई, हे आजोबा माझ्यावर का रागावलेत?"

"तुझ्यावर नाही रे सोन्या, तुझ्या तापावर."

"मग यांना सांग, जरा मोठ्याने ओरडा म्हणावं."

सासूबाईंना हसू फुटलं. "बापासारखाच आगाऊ! आता काळजी नाही गं."

अकराव्या दिवशी ताप पुन्हा चढला. सावा चित्रासमोर वाकली ती उठेचना. "एकच दिवस राहिला," ती शोकीला सांगत होती, "उद्या मी तुम्हाला नदीवर पोचवते. एवढा एकच दिवस."

***

चाळीस वर्षांनी जुनी चित्रं जमवणारे एक गृहस्थ सावाच्या भिंतीपुढे थबकले आणि म्हणाले, "आजी, असं लाल चित्र शहरात आता कुणाकडेच उरलेलं नाही. नशीबवान आहात हो तुम्ही!"