कोरडी बाजू

सहाला वीस मिनिटं उरली, तरी पाणी पलीकडे गेलं नव्हतं.

काचेच्या पेटीत मधोमध मेण पाजलेली काळी कार्बनची प्लेट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गॅस. प्लेटच्या बारीक भोकांतून गॅसनं पाण्यात यायचं, पण पाण्यानं गॅसच्या घरात पाऊल टाकायचं नाही. सलग सहा तास असं चाललं की प्रेमलता मॅडमचं संशोधन पूर्ण, आणि मॅडम बडोद्याच्या नोकरीवर.

दिवाळीपासून पाणी रोज तासाभरात घुसत होतं. का घुसतं, ते अख्ख्या नागपुरात एकालाच ठाऊक होतं. लॅबचा शिपाई रुपराव.

पहिल्यांदा खरंच चुकलं. बाकीची भांडी धुतो तशी त्यानं प्लेटही साबणानं धुतली, आणि मेणाचा सगळा रुबाब उतरून पाणी पलीकडे शिरलं. त्या दिवशी मॅडम संध्याकाळपर्यंत थांबल्या, त्याच्याशी बोलत बसल्या. घरी रुपरावशी बोलायला चार भिंतीच होत्या. मग चूक रोजच व्हायला लागली. वरून मॅडमच्या चहात चिमूटभर मीठ. त्या "अगं आई!" करून ओरडायच्या, हा दात काढायचा. मिठाची पुडी कायम शर्टाच्या खिशात.

पण काल बडोद्याचं पत्र आलं. होळीपर्यंत या, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र वाचून मॅडमनी टेबलावर डोकं टेकलं. आज सकाळी रुपरावनं साबण हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

सहा वाजले. पलीकडची बाजू खडखडीत कोरडी.

"जमलं ना मॅडम! थांबा, चाय आणतो."

मॅडमनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"रुपरावजी, मीठ नाही टाकलं?"

"आज काहून टाकू जी? खुशीचा दिवस हाये."

"साबण पण नाही लावला."

रुपरावचा हात खिशातल्या पुडीवर गेला.

"तुमाले... कधीपासून माहीत हाये?"

"संक्रांतीपासून."

"मंग मले झाडलं काहून नाही? मोठ्या साहेबाले सांगाचं होतं!"

"माझ्याही घरी बोलायला चार भिंतीच आहेत, रुपरावजी." पेटीच्या कोरड्या बाजूवरून मॅडमनी हळूच बोट फिरवलं. मग हात पुढे केला.

"पुडी द्या."

रुपरावनं काढून दिली. मॅडमनी चिमूटभर मीठ कपात टाकलं, काचेच्या कांडीनं ढवळलं, आणि तोंड जराही वाकडं न करता तो चहा शेवटच्या घोटापर्यंत सावकाश पीत राहिल्या.