सोबत घरचं कुणी

खोटं वाटेल, पण आमच्या शेजारीण बाई इतक्या थकलेल्या असायच्या की जिना चढताना त्यांची सावली एक मजला मागे राहायची. रुग्णालयात सगळे त्यांना मावशी म्हणत. दिवसभर तिथल्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायची आणि घरी येऊन कंबरेखाली लुळ्या पडलेल्या स्वतःच्या वडिलांचं तेच करायचं. रडू केव्हाच आटलं होतं, आणि चिडायचं म्हटलं तरी अंगात जीव लागतो. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी म्हाताऱ्याच्या उशाशी बसून थापा मारत होतो. बाई आल्या, रबरी हातमोजे चढवले, वडिलांची कूस बदलली आणि वॉर्डातल्याच सुरात म्हणाल्या, "आजोबा, सोबत घरचं कुणी आहे का?" मी थाप सोडून म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा मोठा बिलंदर. त्यानं लेकीकडे नीट निरखून पाहिलं. "आहे ना मावशी, मुलगी आहे. सकाळी कामावर गेली, ती अजून पोचलीच नाही." "आली की पाठवा माझ्याकडे," म्हणत त्या त्याचा दंड पुसायला लागल्या. म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवत हातमोजा उतरवायला घेतला. "काय करताय, आजोबा?" "बघतो, पोचली का." आतून घामानं सुरकुतलेला हात निघाला. तो त्यानं दोन्ही हातांत घेतला. बाईंनी त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसं पाहिलं, आणि तो तिथंच राहू दिला.